मक्याची काकवी?

पाटीपेन्सिल:
सासूबाई न्यू जर्सीत आल्यात, मधुमेह आहे. पाव, केचप, सॅलडवरचं ड्रेसिंग, जिथे तिथे 'हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप'. फ्रिजवर मराठीत यादी लावली, त्यात 'मक्याची काकवी' लिहिलं. त्या म्हणाल्या, "काकवी उसाची. मक्याला कुठला गं रस?" दुसरा शब्द सुचवा.

उंबरठा:
मक्याचा पाक.

गुऱ्हाळवाला:
पाकाला आधी साखर लागते. इथे मक्याचं सत्त्व (स्टार्च) काढून विकरांनी, म्हणजे एन्झाइमनी, त्याचं ग्लुकोज करतात. ते साधं कॉर्न सिरप. मग आणखी एका विकराने त्यातल्या काही ग्लुकोजचं फ्रुक्टोज. कोल्ड्रिंकच्या सिरपमध्ये फ्रुक्टोज साधारण 55 टक्के, पाव-बिस्किटांच्या सिरपमध्ये 42. काकवी म्हणजे रस आटवून गूळ व्हायच्या आधी काहिलीतून काढलेली. तिला यात ओढू नका.

उंबरठा:
मका तरी कुठे आपला, अमेरिकेतूनच आला ना? आजोबा सांगायचे, मक्केवरून 'मका'.

तळटीप:
नाव सारखं दिसलं की सापडलं मूळ! असो. हे भांडण अमेरिकेतही झालंय. 'सिरप' बदनाम झालं म्हणून कारखानदारांच्या संघटनेने 2010 मध्ये 'कॉर्न शुगर' हे नाव मागितलं. 2012 मध्ये एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, ते नाकारलं. साखर म्हणजे घट्ट, वाळवलेली, दाणेदार. पातळ ते सिरप. शिवाय ते नाव आधीच डेक्स्ट्रोजचं, म्हणजे ग्लुकोजचं. म्हणजे एफडीए सासूबाईंच्या पक्षात.

जुनी वही:
सिरप आणि सरबत, दोन्ही अरबीतल्या 'पिणे' या एकाच धातूतले. 'मक्याचं सरबत' लिहा की.

पाटीपेन्सिल:
पेलाभर मागतील! आणि फ्रुक्टोजचं काय? कोशात 'फलशर्करा' आहे. ते वाचून त्यांना वाटेल, फळांचं आहे म्हणजे चांगलंच.

तळटीप:
'हाय'सुद्धा फसवं आहे. साध्या कॉर्न सिरपपेक्षा जास्त, एवढाच अर्थ. आपल्या साखरेतही निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोजच असतं. 'मक्याची पातळ साखर' लिहा.

गुऱ्हाळवाला:
पातळ साखर! उद्या घट्ट पाणी म्हणाल.

उंबरठा:
बर्फ म्हणतात त्याला.

जुनी वही:
आमच्याकडे काकवी भाकरीबरोबर, वर तुपाची धार. मळीला काकवी म्हणणारेही भेटलेत, त्यांच्याशी मी बोलत नाही.

पाटीपेन्सिल:
यादीत ती जागा अजून कोरी आहे. सासूबाई विचारताहेत, इथल्या एडिसन गावात काकवी मिळते का?