शाळा सांभाळणाऱ्याने शिक्षण धोरणात पीएचडी करावी का?

गोदाकाठ: माझं मत, जरूर करावी, पण आत्ताच्या साच्यातली नको. हार्वर्डने 2010 मध्ये शालेय नेतृत्वासाठी वेगळी डॉक्टरेट सुरू केली. 3 वर्षं, त्यातलं शेवटचं एखाद्या शिक्षणसंस्थेत किंवा यंत्रणेत प्रत्यक्ष काम करत. आपल्याकडे काय? प्रश्नावली, टक्केवारी आणि शेवटी शिफारशी. त्या कुठला गटशिक्षणाधिकारी वाचतो?

पेठचा मास्तर: तिकडच्या माणसाच्या हातात निदान अधिकार असतो हो. आमच्या केंद्रप्रमुखाला, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्याला, एक शिक्षक बदलून मिळत नाही. बदल्या ऑनलाइन, निधी वरून, आणि संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर 'माहिती तात्काळ सादर करा'. नेतृत्व कशाचं करायचं, एक्सेलचं? शिवाय पीएचडी झाली की माणूस कॉलेजच्या जाहिराती बघायला लागतो. शाळा तिथंच.

स्नेहल: मास्तर, अधिकार नाही म्हणूनच अभ्यास हवा. 2023 मध्ये राज्य सरकारने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे, म्हणजे छोट्या शाळा एकत्र करण्याचे, प्रस्ताव मागवले, तेव्हा दाखले दिले पानशेत आणि तोरणमाळचे. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) नियमात प्राथमिक शाळा 1 किलोमीटरच्या आत. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्यात ओहोळ भरला की तेवढंही अंतर पोराला पार होत नाही, हे आकड्यांनिशी कोण मांडणार?

पेठचा मास्तर: त्याला ग्रामसभेचा ठराव पुरतो.

स्नेहल: ठराव फायलीत जातो. काही वर्षांची हजेरी, पाऊस आणि गळती शेजारी शेजारी मांडली तर साहेबाला उत्तर द्यावं लागतं. निदान टाळताना घाम तरी फुटतो.

निवृत्त विस्तार अधिकारी: विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) 2022 चे नियम बघा. नोकरी करत अर्धवेळ पीएचडी चालते, पण कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. ज्या खात्याच्या धोरणावर बोट ठेवायचं, परवानगी त्याच्याचकडे मागायची! मुक्त विद्यापीठ इथे नाशिकजवळ गोवर्धनला असलं तरी पीएचडी दूरस्थ पद्धतीने होत नाही. कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचा वर्गातला अभ्यासक्रम, चुकत नाही. सुरगाण्याहून दर आठवड्याला नाशिक गाठणाऱ्या शिक्षकाच्या वर्गावर तेव्हा कोण असेल, हे गोदाकाठ यांनी सांगावं.

गोदाकाठ: म्हणूनच म्हणतो, त्याची शाळाच संशोधनाची जागा धरा. कोर्सवर्क सुट्टीत घ्या.

पेठचा मास्तर: सुट्टीत? निवडणूक, जनगणना, प्रशिक्षण यातून उरली तर घ्या. आणि बाहेरचा संशोधक येणार असेल तर त्याने प्रश्नावली वाटून परत जाऊ नये. एक सत्र पहिली ते चौथी एका खोलीत शिकवावी, मग पटसंख्येवर लिहावं. तेवढं करणार असेल तर मुक्कामाची सोय माझ्याकडे.