मदत हवी आहे: ट्रॅकारवर ५ ट्रॅक्टर दिसेनात, कमांड पण जाईना

ऊसवाहतूक_शिरोळ: नमस्कार मंडळी, अर्जंट आहे. हंगाम चालू झालाय, आमचे ८ ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला आहेत, सगळ्यांना जीपीएस लावलाय आणि ट्रॅकार (गाड्या नकाशावर दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकलंय, पण नकाशावर ३च दिसतात, बाकी ५ ऑफलाइन. कमांड पाठवली तरी जात नाही. टोळी फडात ऊस तोडून बसलीय, मुकादम दर १० मिनिटाला फोन करतोय आणि ट्रॉली कारखान्याच्या यार्डात आहे का वाटेत हेच मला सांगता येत नाही. शिवाय फड बदलला की ड्रायव्हरला मेसेज सॉफ्टवेअरमधनंच गेला पाहिजे. सगळं बरोबर भरलंय, दोनदा तपासलंय.

टर्मिनल_तात्या: ट्रॅकरचं मॉडेल? पोर्ट? सर्व्हर कुठाय?

ऊसवाहतूक_शिरोळ: सर्व्हर क्लाऊडवर भाड्याने घेतलाय. ट्रॅकर साधेच, चार वायरवाले.

टर्मिनल_तात्या: दादा, चार वायरवाले शंभर प्रकारचे असतात, खोक्यावर काय लिहिलंय ते बघा.

ऊसवाहतूक_शिरोळ: जीटी०६. सगळे एकाच दुकानातले.

टँकरवाला: फायरवॉल! ५०२३ पोर्ट, म्हणजे ट्रॅकरचा डेटा सर्व्हरवर यायचं दार, उघडा, माझ्या टँकरचं पण तिथंच अडलेलं.

टर्मिनल_तात्या: अहो ३ दिसतायत ना, ते पण ५०२३ वरनंच येतात. पोर्ट बंद असता तर एकही दिसला नसता.

टँकरवाला: तरी बघून घ्यायला काय जातं? क्लाऊडची फायरवॉल वेगळी असते, दोन दिवस गेले होते माझे त्यात.

डोंगरवाट: हे सिमचं झंझटच सोडा, मेशटास्टिक घ्या, म्हणजे सिमशिवाय एकमेकांमार्फत मेसेज पोचवणारे छोटे रेडिओ. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला आपल्याकडे लायसन्स लागत नाही, नकाशा पण आणि मेसेज पण. आम्ही ट्रेकला तेच वापरतो.

टँकरवाला: गडावरनं गडावर ठीक आहे ओ. इथं डोक्यावर गेलेला ऊस, मधे गावं, २० किलोमीटरवर कारखाना. मधले नोड कोण बसवणार?

काळी_माती: व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन लावा, फुकट आहे.

ऊसवाहतूक_शिरोळ: ते ८ तासात बंद होतं, आणि रात्रीच्या खेपेला ड्रायव्हर फोन चार्ज करत नाहीत.

रिले_भाऊ: कमांडनं इंजिन बंद करायचं असेल तर पिवळी वायर रिलेला द्या, मी १५ गाड्यांना करून दिलंय.

टँकरवाला: त्यांनी ते विचारलंच नाही, आणि कुणी करूही नका. दोन भरलेल्या ट्रॉल्या मागं असताना उतारावर इंजिन बंद झालं तर स्टिअरिंग जड होतं, ड्रायव्हर जाईल जिवानिशी.

काळी_माती: कुठला कारखाना? आमच्याकडं यार्डात १४-१४ तास नंबर लागत नाही, ऊस वाळतो, वजन आमचं घटतं.

टर्मिनल_तात्या: त्याला वेगळा धागा काढा. शिरोळकर, बंद ५ मधे सिम कुठलं? आणि ट्रॅकरला सेटिंगचा एसएमएस केल्यावर उलट उत्तर आलं का?

ऊसवाहतूक_शिरोळ: उत्तर नाही आलं. ३ मधे एअरटेल, ५ मधे जिओ. दुकानदार म्हणाला कुठलंही चालतं.

टर्मिनल_तात्या: तिथंच आहे. जीटी०६ हे २जीवर चालतं, जिओकडं २जी पहिल्यापासनंच नाही. एअरटेल नाहीतर व्हीआय टाका, एपीएन (सिमच्या इंटरनेटची सेटिंग) परत भरा, मग सर्व्हरच्या पत्त्याचा एसएमएस ट्रॅकरला करा. गाडी ऑनलाइन असल्याशिवाय कमांड जाणार नाही. आणि या डब्याला ना स्क्रीन ना स्पीकर, ड्रायव्हरला मेसेज त्यातनं जाणारच नाही. फड आणि यार्डाभोवती जिओफेन्स (नकाशावरची हद्द) काढा, गाडी आत-बाहेर झाली की ट्रॅकार टेलिग्रामला कळवेल. फड बदलला तर फोनच करावा लागेल.

ऊसवाहतूक_शिरोळ: ४ आले!! पण एक अजून नाही, आणि एकाची वेळ साडेपाच तास पुढं दाखवतंय.

टर्मिनल_तात्या: न आलेल्याचं सर्व्हरच्या लॉगमधे (नोंदींमधे) बघा, अननोन डिव्हाईस असेल तर आयएमईआय (ट्रॅकरचा ओळख नंबर) मोजा, १५ आकडे पाहिजेत. दुसऱ्याचा टाइमझोन शून्य करा. केल्यावर साडेपाच तास ती गाडी नकाशावर हलणार नाही, कारण जुन्या नोंदीची वेळ पुढची आहे. घाबरून परत काही बदलू नका.

ऊसवाहतूक_शिरोळ: १४च आकडे भरले होते, शेवटचा राहिला होता. आता आठवा पण आलाय, नृसिंहवाडीच्या अलीकडं रस्त्याला उभा दाखवतोय. टायर बसलाय का बघायला पोरगा पाठवलाय. तात्या, खूप आभार तुमचे.

काळी_माती: यार्डाचं कुणी सांगितलंच नाही.