खारेपणा फक्त बाहेर नसतो

सामन मासा नदीतून समुद्रात गेला की त्याच्या आतड्यातले जिवाणू बदलतात. खारं पाणी लागलं की गोड्या पाण्यातले जिवाणू मरतात आणि समुद्रातले आतड्यात येतात, हे त्याचं स्पष्टीकरण मला अपुरं वाटतं. सामन मासा नदीत जवळजवळ पाणी पीतच नाही. समुद्रात मात्र शरीर कोरडं पडू नये म्हणून त्याला सतत प्यावं लागतं, तेही लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेलं! हे पाणी शोषता यावं म्हणून आतडं बायकार्बोनेट सोडतं, कॅल्शियम कार्बोनेटचे कण तयार होतात आणि आतला द्रव चांगलाच अल्कधर्मी होतो. म्हणजे जिवाणूंचं घरच पालटतं. आहार बदलतो तो वेगळाच. तरीही अटलांटिक सामनच्या आतड्यात समुद्रातसुद्धा मायकोप्लाझ्मा हा जिवाणू अनेकदा भरपूर सापडतो. नुसत्या पाण्यावरून याचा उलगडा होत नाही. माशाचं शरीरही कुणाला थारा द्यायचा ते ठरवत असतं.