मदत हवी आहे: ओल्या उतारावर ब्रेक लागत नाही, रविवारी ग्रुप राइड आहे, लवकर सांगा

टेकडीपार
रविवारी पहाटे ग्रुप राइड आहे, शहरातले सगळे चढउतार एकाच फेरीत. पाऊस नक्की. कोरड्यात ब्रेक बरे लागतात, पण भिजले की उतारावर लिव्हर पार हँडलला टेकतो तरी सायकल थांबत नाही. पुढच्याच्या चाकात घुसायची वेळ येते. पॅड नवीन आहेत. पावसासाठी कोणते पॅड घेऊ? "हळू चालवा" हे सांगायला कृपया येऊ नका.

पाना_दहाचा
ब्रेक रिमचे की डिस्कचे? डिस्क असतील तर केबलचे की हायड्रॉलिक? रिमचे असतील तर रिम ॲल्युमिनियमची की स्टीलची? हे कळल्याशिवाय पॅडचं नाव सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

रोटर१६०
डिस्क घ्या, विषय संपला. ओल्या रिमवर पॅड आधी पाणी पुसतो, मग धरतो. तेवढ्यात चाकाचे दोनतीन फेरे होऊन जातात.

टेकडीपार
व्ही-ब्रेक, म्हणजे दोन लांब बाह्यांनी रिमला चिमटणारे. रिम ॲल्युमिनियमची. फ्रेमला डिस्क बसवायची सोय नाही, असती तर विचारलं कशाला असतं? फक्त पॅड सांगा ना.

सावकाश_पण_पोचतो
कूल स्टॉप कंपनीचे सॅमन, म्हणजे गुलाबी-नारिंगी रंगाचे पॅड. ओल्यात काळ्यापेक्षा बरेच चांगले धरतात. पण नुसते बदलून भागणार नाही. रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कापड काळं यायचं थांबेपर्यंत. पॅडच्या तोंडावर चमक आली असेल तर सँडपेपरने घासा. आत रुतलेले ॲल्युमिनियमचे चकाकते कण टाचणीने उपसून काढा, नाहीतर ते रिम कुरतडत राहतात. बसवताना पॅडचं पुढचं टोक रिमला आधी लागेल असा अर्धा ते एक मिमी तिरपा ठेवा. मागच्या टोकाखाली पुठ्ठ्याचा तुकडा धरून आवळलं की जमतं. चेनवर स्प्रे मारताना रिमकडे उडत नाही ना, तेही बघा.

रोटर१६०
एवढा खटाटोप करण्यापेक्षा फ्रेमच बदला की.

सावकाश_पण_पोचतो
डिस्कला खटाटोप नसतो असं कोण म्हणालं? पावसाळी चिखलात रेझिनचे पॅड बघता बघता संपतात, आणि मेटलचे घातले की भिजल्यावर अख्खी गल्ली जागी होते.

नक्षीदार_टायर
मुळात टायर बघा. गुळगुळीत असतील तर पाण्यावर तरंगणारच. खोल नक्षीचे घ्या.

पाना_दहाचा
सायकलचा टायर पाण्यावर तरंगत नाही. अरुंद असतो, हवेचा दाब जास्त असतो, पाणी बाजूला ढकलूनच तो रस्त्याला लागतो. डांबरावर नक्षीचा उपयोग जवळपास शून्य. पकड हवी असेल तर कोरड्यात भरता त्यापेक्षा 5 ते 10 पीएसआय कमी ठेवा. घसरतं ते पांढऱ्या पट्ट्यांवर, लोखंडी झाकणांवर, ओल्या पानांवर आणि डिझेल सांडलेल्या जागी. तिथे ब्रेक नाही, वळण नाही, सायकल सरळ उभी ठेवून पार व्हायचं.

शेपटीचा_दिवा
ग्रुपमध्ये येताय तर मागे पूर्ण लांबीचा मडगार्ड आणि त्याला खाली लोंबणारा रबरी फ्लॅप लावा. सीटखालच्या छोट्या पट्टीने फक्त तुमची पाठ वाचते, मागच्याच्या तोंडावर कारंजं चालूच. मागचा दिवा लुकलुकता नको, स्थिर ठेवा. उतारावर हाताने खुणा करायच्या नाहीत, दोन्ही हात ब्रेकवर, ओरडून सांगायचं. अंतर सपाटीवर दोनतीन सायकली, उतारावर त्याच्या दुप्पट. आणि पुढच्याच्या नेमकं मागे नाही, थोडं बाजूला.

टेकडीपार
मडगार्ड आहे. मडगार्डबद्दल विचारलेलंच नाही. पॅड मागवू का, हो की नाही?

पाना_दहाचा
नका मागवू. पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही लिहिलंय की लिव्हर हँडलला टेकतो. पॅड घसरत असेल तर लिव्हर हाताला कडक लागतो, फक्त सायकल थांबत नाही. लिव्हर टेकतोय म्हणजे केबल पुरेशी खेचलीच जात नाहीये. लिव्हर कुठले आहेत? सायकल घेतली तेव्हाचेच का?

टेकडीपार
नाही, ड्रॉप हँडल (खाली वळलेलं) टाकलंय ना, त्याच्याबरोबर गिअर-ब्रेक एकत्र असलेले लिव्हर आले. त्याचा काय संबंध?

पाना_दहाचा
सगळा संबंध तोच. व्ही-ब्रेकची बाही लांब, साधारण 100 मिमीच्या पुढे. तिला सरळ हँडलचा लिव्हर लागतो, जो जास्त केबल खेचतो. ड्रॉप हँडलचा रोड लिव्हर जवळजवळ निम्मीच खेचतो. कोरड्यात थोड्या दाबातच काम होतं म्हणून कळत नाही. भिजल्यावर पकड घटते, तुम्ही जोरात दाबता, मग केबलवरचं कवच, म्हणजे आउटर, दबते, बाह्या लवतात आणि उरलीसुरली केबल त्यातच जाते. शिवाय वाळूमिश्रित पाण्यात पॅड लवकर झिजतो, फट वाढते. म्हणून लांब उतार संपता संपता जास्त वाईट होतं.

ग्रीसबाबा
गिअरची आउटर घाला, ती दबत नाही.

पाना_दहाचा
अजिबात नाही! गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने असतात. ब्रेकच्या ताणाने ती फुटून तारा बाहेर येतात, आणि ब्रेक एका क्षणात गायब. ब्रेकला ब्रेकचीच आउटर, 5 मिमीची.

टेकडीपार
मग उपाय सांगा.

सावकाश_पण_पोचतो
मिनी व्ही-ब्रेक. बाही 80 ते 90 मिमी, रोड लिव्हरला चालतात. टायर किती रुंद?

टेकडीपार
38 मिमी.

सावकाश_पण_पोचतो
मडगार्डसकट? मग बसणार नाहीत. आखूड बाही टायरच्या अगदी डोक्यावर येते.

शेपटीचा_दिवा
मडगार्ड काढायचा नाही हं! मागचे लोक शिव्या घालतील.

पाना_दहाचा
मडगार्ड राहू दे. व्ही-ब्रेकमध्ये केबल ज्या वाकड्या नळीतून जाते, तिच्या जागी 'ट्रॅव्हल एजंट' नावाची छोटी पुली बसते, ती केबलची ओढ दुप्पट करते. गिअर ब्रेक लिव्हरपासून वेगळे असते तर टेक्ट्रो आरएल 520 हा व्ही-ब्रेकसाठीचाच ड्रॉप लिव्हर पुरला असता.

पुली रविवारपर्यंत हातात येईल असं वाटत नाही. तोवर पॅड रिमपासून जेमतेम एक मिमीवर आणा. त्याआधी चाक ट्रू, म्हणजे सरळ, करून घ्या, अर्धा मिमीपेक्षा जास्त डगडग असेल तर पॅड घासणारच. एवढ्या कमी फटीत नळी सुटणार नाही, पंक्चरला चाक काढायचं तर आधी हवा पूर्ण सोडा किंवा केबल सैल करा. उतारावर हात हँडलच्या खालच्या वळणात ठेवा, वरून धरण्यापेक्षा तिथून जोर चांगला लागतो.

टेकडीपार
म्हणजे रविवारी येऊ की नको?

पाना_दहाचा
शनिवारी सपाट, रिकाम्या रस्त्यावर बघा. दोन्ही रिमवर बाटलीने पाणी ओता, 20 च्या वेगाने येऊन दोन्ही ब्रेक पूर्ण दाबा. लिव्हर आणि हँडलमध्ये बोटभर जागा उरली तर या, उतारावर सगळ्यांच्या मागे राहा आणि वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेक हलका टेकवून रिम पुसत चला. टेकला तर जुनं हँडल आणि जुने लिव्हर परत चढवा. गिअरचे शिफ्टरही जुनेच लागतील, म्हणून हे काम शनिवार रात्रीवर ठेवू नका.

ग्रीसबाबा
पुली आली की तिच्यातली केबल दर पावसाळ्यात बदला. वळणावर एकेक तार आतल्या आत तुटत जाते, बाहेरून दिसत नाही.