देवराईत विज्ञानाचा तास: देवीच्या कोपाचं काय करायचं?

नमस्कार मंडळी,

मी भोरकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. शाळेपासून वीस मिनिटांवर काळकाईची देवराई, म्हणजे देवीच्या नावाने राखलेलं रान आहे. जैवविविधतेचा धडा तिथेच घ्यायचा म्हणून गेल्या महिन्यात मुलांना घेऊन गेले.

दोरीने एक-एक मीटरच्या दोन चौकटी आखल्या, एक राईत, एक बाहेर माळावर. आत वीतभर पालापाचोळा, खाली काळी भुसभुशीत माती, गांडुळं, गोम, बुरशीचे पांढरे धागे. माळावर मुरूम आणि थोडं गवत. गारंबीचा मांडीएवढा वेल बघून तर पोरं हरखूनच गेली. मग विचारलं, हे सगळं इथंच कसं टिकलं? एकसुरात उत्तर आलं, "बाई, काटकी उचलली तरी देवी कोपते!"

उत्तर खोटं नाही, आणि तिथेच मी अडले आहे. १९७० च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी देवराया अभ्यासल्या, तेव्हा त्यांनाही श्रद्धेनेच ही झाडं राखलेली दिसली. पण विज्ञानाच्या तासाला कोप हे कारण म्हणून मी सांगणार नाही. नुसतं 'अंधश्रद्धा' म्हणून झटकलं, तर उद्या हीच मुलं कुऱ्हाड घेऊन आत शिरतील अशी धास्ती वाटते. शिवाय धाकही कायमचा नसतो. शेजारच्या गावात कौल लावून देवीची परवानगी घेतली आणि देवळाच्या जीर्णोद्धारासाठी जुनी झाडं पाडली.

दुसरी गोष्ट जास्त सलते. दोन मुली राईच्या कडेलाच थांबल्या, पाळी चालू होती म्हणून. त्यांना मी माळावरची चौकट मोजायला दिली. वेळ निभावली, पण रात्री झोप लागली नाही. झाडं राखणारा नियम आणि मुलींना अडवणारा नियम एकाच देवीच्या नावाने येतो. पहिल्याचं कौतुक करताना दुसऱ्याबद्दल गप्प कशी बसू? संविधानाच्या ५१क या कलमामध्ये निसर्गाचं रक्षण आणि वैज्ञानिक दृष्टिकोन ही दोन्ही कर्तव्यं लागोपाठ आहेत. वर्गात मात्र ती एकत्र आणताना माझी दमछाक होते.

वर्गात बौद्ध आणि मुसलमान घरांतली मुलंही आहेत. देवी त्यांची नाही, पण राईतल्या झऱ्याचं पाणी तेही पितात.

नियम कुणी केला, कशासाठी, आज त्याची झळ कुणाला बसते, हे मुलांनीच गावात विचारून यावं असं मनात आहे. कुणी असा पाठ घेतलाय का? गुरवबाबांना वर्गात बोलवावं का? आणि मुलींचा विषय आधी आयांशी बोलावा, की थेट वर्गात काढावा? प्रत्यक्ष केलेलं सांगितलंत तर फार मदत होईल. दिवाळीच्या सुट्टीआधी पुन्हा राईत जायचं आहे, आणि त्या दोघींना या वेळी आत यायचं आहे.