वडिलांच्या घडीच्या चाकूची स्प्रिंग तुटली. कोल्हापुरात कुणी बसवून देईल का?

शाहूपुरी_दुसरी_गल्ली

मंडळी, काम बारीक आहे, पण माझ्यासाठी मोठं आहे.

घडीचा चाकू आहे. पाठीची स्प्रिंग मधल्या खिळ्याजवळ तुटली. पातं उघडतं, पण उभं राहत नाही, नुसतं लोंबतं. मूठ साडेतीन इंची, म्हशीच्या काळ्या शिंगाची. दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, आतून पितळी पत्रा. पातं एकच, साध्या पोलादाचं, गंजणारं. बुडाशी कंपनीचा शिक्का होता, तो झिजला. भिंग धरलं की ‘शेफील्ड’ (इंग्लंडातलं चाकूंचं गाव) एवढंच लागतं.

वडील गूळ मार्केटात अडत्याकडं दिवाणजी होते. सौद्याला गुळाचे रवे (ढेपा) लागले की कोपऱ्याचा टवका काढायचा, उजेडाला धरून रंग बघायचा, बोटांत चुरडून कणी बघायची, मग जिभेवर. टवका काढायला हाच चाकू. टवका निघाला की पातं धोतराच्या सोग्याला पुसून मिटायचे, आणि मिटताना बोट कधी पात्याच्या वाटेत यायचं नाही. माझ्या शिसपेन्सिलीही त्यांनी यानंच तासल्या. स्प्रिंग शाबूत असताना पातं निम्म्यावर एकदा अडायचं, मग पुढं जाऊन टक् करून बसायचं. तो टक् मला झोपेतही ओळखू येईल.

तेव्हापासून घडीचा चाकू हा माझा जीव आहे. चड्डीच्या खिशात होता, पँटच्या खिशात आला, आता निवृत्तीनंतर लेंग्याच्या खिशात आहे. स्विस लाल मुठीचा आहे. चांगला आहे, त्याच्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. पुतण्यानं फ्रान्सहून ओपिनेल आणला, आठ नंबरचा. त्याबद्दल मात्र सांगावंसं वाटतं. आल्प्सच्या पायथ्याला सावोआ भागात १८९० पासून हा चाकू होतो. बीचच्या लाकडाची गोल मूठ, साडेआठ सेंटिमीटरचं पातं, आणि गळ्याशी फिरवायची कडी. कडी आली १९५५ साली. त्याआधी पातं नुसत्या घट्टपणावर उभं राहायचं, स्प्रिंग नाहीच. इतक्या थोड्या भागांत इतका कामाचा चाकू मी दुसरा बघितला नाही. पण आपल्याकडं आषाढ लागला की लाकूड फुगतं आणि पातं असं रुतून बसतं की नखाला दाद देत नाही. तिकडची माणसं मुठीचं बूड कडक जागी ठोकतात, की पातं थोडं वर येतं. मीही ओट्याच्या कडप्प्यावर तेच करतो.

रामपुरी माझ्याकडं नाही आणि नको. कारागिरी थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण नऊ-दहा इंची पात्यानं कुणी पेरू कापत नाही. सिनेमावाल्यांनी तो चाकू गुंडाच्या हातात दिला आणि तेव्हापासून खिशातून चाकू काढला की माणसं मागं सरकतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. आपल्या आजोबा-पणजोबांच्या कनवटीला चाकू असायचा तो सुपारी, सुतळी, कांदा, कणीस यांच्यासाठी.

तर विचारायचं असं: ही स्प्रिंग नवी बनवून बसवणारं कुणी आहे का? दोन दुकानांत दाखवला, दोघांनीही ‘टाकून द्या, नवा घ्या’ म्हणून सांगितलं. वेल्डिंग करून चालेल का? आणि खिळे काढताना शिंग तडकलं तर? शिंग गेलं तर चाकूच गेला म्हणायचा.

उद्यमनगरचा_टर्नर

काका, पहिली गोष्ट, वेल्डिंग अजिबात करू नका. टाका मारला की त्या जागेचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, जातंय आणि शेजारीच परत तुटतंय. पट्टी नवीच करायची.

काम आपल्या उद्यमनगरात हुतंय, पण ‘चाकू दुरुस्त करा’ म्हणून गेलासा तर कोण हात लावणार नाही. ‘स्प्रिंग स्टीलची पट्टी कापून, हार्डन-टेंपर करून द्या’ म्हणा, म्हणजे तापवून कडक करायची आणि मग बेतानं थोडी नरम करायची. डाय-पंच (पत्रा कापायचे साचे) करणाऱ्या लहान शेडमधला माणूस गाठा. मोठ्या वर्कशॉपला एवढ्याशा कामाला वेळ नसतो.

आता कसं करायचं ते सांगतो, म्हणजे समोर उभं राहून करून घेता येईल. तिन्ही खिळे काढायला लागतील: पात्याचा, मधला आणि बुडाचा. शिंगाच्या पट्ट्या पितळी पत्र्याला वेगळ्या बारक्या खिळ्यांनी धरलेल्या असतात, त्यांना हात लावायचा नाही. शिंगाची पट्टी पत्र्यासकट एकजीव बाहेर येऊ दे. मधल्या खिळ्याचं डोकं शिंगावर असेल तर ते ठोकून काढायचं नाही. एका बाजूनं डोकं बारीक ड्रिलनं खाऊन टाकायचं, मग खाली भोकाचं लाकूड ठेवून पोगरानं (खिळा ढकलायच्या लोखंडी काडीनं) हलकं सारायचं. शिंग तडकतंय ते हातोड्यानं नाही, खिळा आत फुगलेला असताना दामटल्यानं.

तुटलेले दोन्ही तुकडे जपून ठेवा, तोच तुमचा नमुना. नव्या पट्टीवर चिकटवून आखायचं, कापायचं, कानशीनं घासायचं. हे सगळं मऊ असताना. मग लाल करायचं, चुंबक धरणं सोडलं की अजून थोडं वर न्यायचं आणि तेलात बुडवायचं. त्या वेळी पट्टी काचेसारखी असते, खाली पडली तर दोन तुकडे. म्हणून लगेच टेंपर. पॉलिश करून हळूहळू तापवायची. आधी पिवळी, मग तपकिरी, मग जांभळी आणि शेवटी निळी दिसते. निळी झाली की थांबायचं, म्हणजे तीनशे अंशाच्या आसपास. जांभळ्यावर सोडली तर कडक राहून परत मोडणार.

पट्टीला आधीच किंचित बाक द्यायचा, सरळ बसवली तर ताण येत नाही. तुमच्या वडिलांच्या हातात तो टक् यायचा तो त्या बाकामुळं.

काजूबाग_आजरा

दादा, पोस्ट वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडं काजूची रोपवाटिका आहे, वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ची कलमं करतो. माझा दिवसभराचा सोबती कलमाचा चाकू, तोही घडीचाच. त्याच्या पात्याला धार एकाच बाजूनं असते, दुसरी बाजू आरशासारखी सपाट. काडीला पाचरीचा काप घ्यायचा तो एका ओढीत. दोनदा ओढलं की कापावर पायरी पडते, खुंटाच्या सालीशी साल जुळत नाही आणि कलम वाळतं. त्यामुळं धार कशाला म्हणतात ते मला शिकवायला नको.

टर्नरभाऊंनी स्प्रिंगचं सांगितलं, मी पावसाचं सांगते. साधं पोलाद आमच्या आजऱ्याच्या पावसात एका रात्रीत लाल होतं. उपाय एकच, वापरून झालं की पुसायचं, सांध्यात फुंकर मारायची आणि तेलाचं बोट फिरवायचं. पण खोबरेल नको. थंडीत थिजतं, जुनं झालं की चिकटतं आणि सांध्यात माती धरून ठेवतं. मी मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन वापरते, खायच्या वस्तूला लागलं तरी चालतं. शिलाई मशीनचं तेल फळं कापायच्या चाकूला घालू नका.

कैरी किंवा कांदा कापला की पातं निळसर-काळं पडतं, ते घासून काढू नका. ती झाक गंजाला थोडी अडवते. लाल डाग दिसला तरच काढायचा.

आणि कपाटात बंद करून ठेवत असाल तर शिंगाकडं लक्ष द्या, शिंगाला कीड लागते. आमच्या सासऱ्यांच्या अडकित्त्याची शिंगाची मूठ अशीच आतून पोखरली होती.

पन्हाळा_भटकंती

माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. शंभरेक वर्षांची वस्तू उघडायची कशाला? तुटलेली स्प्रिंग हाही त्या चाकूचा इतिहासच आहे. तसाच ठेवा, आणि खिशात रोजच्याला नवा घ्या. स्प्रिंगशिवायचाच आवडत असेल तर जपानचा हिगोनोकामी बघा. मिकी गावात होतो. दुमडलेल्या पितळी पत्र्याची मूठ, पात्याच्या बुडाला बाहेर आलेली शेपटी. अंगठा त्या शेपटीवर दाबून धरायचा, म्हणजे पातं मिटत नाही. तिकडच्या शाळकरी मुलांच्या एका पिढीनं पेन्सिली त्यावर तासल्या.

दुसरं, कायद्याचं. आम्ही ट्रेकवाले नेहमी यात अडकतो म्हणून सांगतो. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्रात धरतात, घरकाम-शेतीची अवजारं सोडून. तुमचा चाकू त्याच्या जवळपासही नाही. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली बंदी आदेश निघतो तेव्हा चाकू बरोबर नेणंच मना असतं, लांबी कितीही असो. सणासुदीला, निवडणुकीला आदेश निघाला की पेपरात येतं, तेवढे दिवस घरी ठेवा. आणि उजळाईवाडीहून, आपल्या कोल्हापूरच्या विमानतळावरून, विमानानं जाताना चाकू मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत सापडला तर तिथंच सोडून जावं लागतं.

शिंग बदलायची वेळ आलीच तर कुणी ‘सांबरशिंग आहे, देतो’ म्हणालं तरी घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहे, झडलेलं शिंग असलं तरी विकत घेणं गुन्हा.

शाहूपुरी_दुसरी_गल्ली

सगळ्यांचे आभार. ताई, लिक्विड पॅराफिन आजच आणलं. शिंगाला आतून कीड नाही, बॅटरी मारून बघितलं.

पन्हाळावाले, राग कशाचा. पण मला तुमचं पटत नाही. वडिलांनी हा चाकू कधी पेटीत ठेवला नाही. धार बोथट झाली की जात्याच्या तुकड्यावर ओढायचे, पातं निम्मं झिजलंय ते त्यामुळंच. ज्या वस्तूचं काम संपलं नाही ती काचेआड ठेवणं मला त्या वस्तूचा अपमान वाटतो. नातू आठ वर्षांचा आहे, शार्पनरनं पेन्सिलीचं टोक सारखं मोडतं म्हणून कुरकुरतो. त्याला शेजारी बसवून तासायला शिकवायचं आहे, आणि ते याच चाकूवर. त्याच्या हातात द्यायचा तर स्प्रिंग पक्की पाहिजे, लोंबतं पातं पोराच्या बोटावर मिटेल.

टर्नरभाऊ, व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) लावला. जुनी पट्टी २.४ मिलिमीटर भरली, पात्याचं बूडही तेवढंच. मग नवी नेमकी तेवढीच करायची ना? आणि खिळे कशाचे घालू?

उद्यमनगरचा_टर्नर

पट्टी पात्यापेक्षा एक केसभर जाड ठेवा, दोन-तीन शतांश मिलिमीटर. सारखी केली तर खिळा ठोकल्यावर पितळी पत्रा पात्याला आवळून धरतो, उघडायला जड जातं. सरफेस ग्राइंडरवाल्याला (मशीनवर पट्टी घासून सपाट करणाऱ्याला) आकडा लिहूनच द्या, तोंडी सांगू नका.

खिळे मधला आणि बुडाचा पितळी चालतील. पात्याचा मात्र लोखंडी घाला, टोपीही लोखंडीच आहे, घासून सारखा केला की दिसणार नाही. ठोकताना पातं आणि पत्रा यांच्यामध्ये वहीच्या कागदाचा तुकडा घाला, झाल्यावर ओढून काढायचा. बारकी गोल तोंडाची हातोडी, आणि घाव हलके पण भरपूर. प्रत्येक पाच-सहा घावांनंतर पातं उघडून-मिटून बघायचं.

पट्टी आणि जुने तुकडे घेऊन या, हार्डनिंग मी करून देतो. नातवालाही आणा, निळा रंग चढताना बघू दे.