फिरती चकती, हलकं होणारं वजन आणि 'दडपलेलं' विज्ञान

बिनबुडाचा: 'फिरत्या अतिवाहकाने गुरुत्व रोखता येतं, पण ते दडपलं गेलं' अशी पोस्ट काल वाचली. प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा. (अतिवाहक म्हणजे खूप थंड केल्यावर विजेला अजिबात विरोध न करणारा पदार्थ.) पोद्क्लेत्नोव्ह या रशियन संशोधकाने १९९२ साली फिनलंडमध्ये दावा केला की फिरत्या अतिवाहक चकतीवर टांगलेल्या वस्तूचं वजन किंचित घटतं. पुढे तो आकडा २ टक्क्यांपर्यंत चढला. १९९६ चा शोधनिबंध छापण्याआधीच वर्तमानपत्रात फुटला आणि त्याने तो स्वतःच मागे घेतला. दडपला कोणी? २००३ साली हॅथवे आणि मंडळींनी ५० पट संवेदनशील मोजणी केली. हाती शून्य.

हेलियमवाला: ताय्मार हा संशोधक सोयीस्करपणे विसरलात! २००६, ऑस्ट्रिया. नायोबियम या अतिवाहक धातूची कडी मिनिटाला ६५०० फेऱ्यांपर्यंत फिरवली, आणि शेजारी गुरुत्वासारखी ओढ मोजली. युरोपीय अंतराळ संस्थेचा पैसा. सापेक्षतावाद सांगतो त्याच्या कितीतरी पट, म्हणजे १ वर २० शून्यं इतका मोठा परिणाम. त्यामागे टेटचं १९८९ चं मोजमापही होतं: कूपर जोडीचं (अतिवाहकात वीज वाहणाऱ्या दोन इलेक्ट्रॉनांच्या जोडीचं) वस्तुमान सिद्धांतापेक्षा जरासं जास्त. हे सगळे भोंदू?

बिनबुडाचा: भोंदू मी म्हटलंच नाही, शब्द तोंडात कोंबू नका. न्यूझीलंडच्या कँटरबरीत २००७ साली शिशाचा अतिवाहक फिरवून लेझर जायरोने (प्रकाशाने अगदी सूक्ष्म फिरणं मोजणाऱ्या यंत्राने) पाहिलं, काही दिसलं नाही. २०११ मध्ये खुद्द ताय्मारच्या नव्या उपकरणातही तो परिणाम गायब!

खडूस: गुरुत्व राहू द्या बाजूला. 'काही दिसलं नाही' हे छापतं कोण? मी एका प्रयोगशाळेत आठ महिने क्रायोस्टॅटशी (अतिथंड ठेवणाऱ्या भांड्याशी) झटलो. संकेत यायचा, एकदम झकास. शेवटी कळलं, हेलियम उकळताना सगळा सांगाडा थरथरत होता. मार्गदर्शक म्हणाले, 'हे लिहून काय मिळणार?' वही कपाटात. उद्या कोणीतरी तीच थरथर 'नवं बल' म्हणून छापेल.

हेलियमवाला: तुमचं रडगाणं प्रत्येक धाग्यावर असतं.

खडूस: कारण प्रत्येक धाग्यावर तीच चूक असते! ताय्मारने आपलाच शोध मारला आणि तेही छापलं, म्हणून त्याला सलाम. पोस्ट मात्र २००६ वरच अडकलेली. बाकीच्यांच्या कपाटातल्या वह्यांचं काय?

चौकस: मुद्द्यावर या. ग्रॅव्हिटी प्रोब-बी या नासाच्या उपग्रहामध्ये नायोबियमचा मुलामा दिलेले गोळेच फिरत होते, तेही अतिप्रवाही हेलियमने थंड केलेल्या भांड्यात. अवकाश-ओढ (फिरणारी पृथ्वी भोवतालचं अवकाश किंचित ओढते ती) वर्षाला ३९ सहस्रांश विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) अपेक्षित होती, मिळाली ३७, अधिक-उणे ७. २० शून्यं कुठे लपली?

हेलियमवाला: ते गोळे जवळपास एकाच वेगाने फिरत होते. ताय्मारचा पहिला दावा वेग बदलतानाचा होता. आधी वाचा, मग टाळ्या वाजवा.

चौकस: आणि ताय्मारचा नंतरचा, जायरोने मोजलेला दावा? तो स्थिर वेगाचाच होता ना?

हेलियमवाला: ...होता. बरं, तो मुद्दा तुमचा. हवं तर फ्रेम करून लावा. पण प्रयोग करून पाहणाऱ्यांना हसू नका, एवढंच माझं म्हणणं.

बिनबुडाचा: हसलो ते पोस्टला. प्रयोग करणाऱ्यांना नाही.

खडूस: आणि माझी वही?

चौकस: स्कॅन करून टाका इथेच. थरथरीचा आलेख तरी बघू.